ट्रॅक डेच्या गाडीसाठी हार्नेस: चार पॉइंट, सहा पॉइंट की कंपनीचाच बेल्ट?

तिसरा_गियर (पुणे)

नमस्कार मंडळी,

गाडी पोलो जीटी टीएसआय. कोइमतूरचा करी स्पीडवे आणि चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदूरचा ट्रॅक, दोन्हीकडे ट्रॅक डेला (स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस) नेतो. शर्यतीत उतरायचं नाही, स्वतःचाच वेळ कमी करत जायचं. ब्रेक पॅड, फ्लुइड, टायर, सस्पेन्शन यांचं काम झालंय. आता अडचण अशी की वळणात अंग जागेवर राहत नाही. उजव्या वळणात डावा गुडघा कन्सोलला रेटून धरावा लागतो, शरीराचा भार हातांवर येतो आणि स्टिअरिंगमधून जे कळायला हवं ते कळत नाही.

म्हणून हार्नेस, म्हणजे दोन्ही खांदे आणि कंबर जखडणारे रेसिंगचे पट्टे, बसवायचा विचार आहे. पॉइंट म्हणजे ते गाडीला किती जागी अडकवतात तो आकडा. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, चार पॉइंटचा घ्या, कंपनीच्या सीटवरच चालेल, खांद्याचे पट्टे मागच्या सीटच्या बेल्टच्या बोल्टला अडकवू, दोन तासांचं काम आहे. किंमतही परवडणारी आहे. दुसरा पर्याय म्हणजे बकेट सीट (उंच कडांची रेसिंग सीट), रोल बार (सीटमागची स्टीलची कमान) आणि सहा पॉइंट (पायांमधून येणारे दोन पट्टे जास्तीचे). त्याचा खर्च आणि खटाटोप मोठा. शिवाय हीच गाडी रोज ऑफिसला जाते आणि मुलगी मागे बसते. तिसरा पर्याय, आहे तेच ठेवायचं.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा. ब्रँडच्या नावांपेक्षा मला कारणं समजून घ्यायची आहेत.

रांगडा_रॅली (कोल्हापूर)

भावा, आधी एक सांग. डोक्यावर हेल्मेट कुठलं घालतोस? बाइकचं का गाडीचं?

नवशिका

वाचतोय. मलाही हेच विचारायचं होतं. हिरव्या रंगाचे चार पॉइंट तर ॲक्सेसरीजच्या दुकानांत सर्रास लटकवलेले असतात.

तिसरा_गियर

@रांगडा_रॅली, बाइकचंच आहे. फुल फेस, आयएसआय मार्कवालं.

हाडवैद्य (नाशिक)

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. रेसिंग हा माझा विषय नाही, पण बेल्टमुळे वाचलेली आणि बेल्ट चुकीच्या जागी असल्यामुळे जखमी झालेली माणसं बघितली आहेत, म्हणून लिहितो.

कमरेचा पट्टा कुठे बसतो यावर बरंच काही ठरतं. कमरेच्या दोन्ही बाजूंना पुढून हाताला लागणारी जी हाडं आहेत, त्यांच्या खाली, मांडी पोटाला मिळते त्या घडीत तो हवा. तिथे धडकेचा जोर ओटीपोटाच्या हाडाच्या सांगाड्यावर येतो आणि तो सांगाडा मजबूत असतो. पट्टा दोन-तीन इंच वर सरकला की त्याच्या खाली हाड नाही. आतडी आहेत, वरच्या अंगाला यकृत आणि प्लीहा, आणि त्यांच्या मागे कण्याचे मणके.

आता चार पॉइंटमध्ये काय घडतं ते बघा. खांद्याचे दोन्ही पट्टे पोटासमोरच्या बकलला येऊन मिळतात. समोरून धडक बसली की छाती पुढे झेपावते, खांद्याचे पट्टे ताणले जातात आणि बकलला वर ओढतात. बकलबरोबर कमरेचा पट्टाही वर येतो. त्याच क्षणी कंबर मात्र सीटवरून पुढे आणि खाली घसरत असते. माणूस पट्ट्याखालून निसटतो, याला सबमरीनिंग म्हणतात. पायांमधून येणारे पट्टे असतात ते नेमके बकलला खाली धरून ठेवण्यासाठी. चार पॉइंटमध्ये तेच नसतात.

कंपनीच्या तीन पॉइंटमध्ये खांद्यावरून येणारा पट्टा पोटाच्या मध्यावर न येता सीटशेजारच्या बकलला कमरेच्या बाजूला मिळतो. निल्स बोलीन यांनी १९५९ मध्ये व्होल्वोसाठी तो आणला तेव्हा सगळा विचार याच भूमितीचा होता. त्यामुळे 'दोनऐवजी चार पट्टे म्हणजे दुप्पट सुरक्षित' हे गणित शरीराच्या बाबतीत लागू पडत नाही.

मंजिरी_म्युनिक

डॉक्टरांनी फार नेमकं लिहिलंय. फक्त एक भर घालते, कारण सगळे चार पॉइंट सारखे नसतात.

जर्मनीत श्रॉथ कंपनीचे एएसएमवाले, म्हणजे सबमरीनिंग रोखायची सोय असलेले, चार पॉइंट मिळतात. त्यात एका बाजूच्या खांद्याच्या पट्ट्यात थोडी जास्तीची लांबी घडी घालून शिवलेली असते. धडकेत ती शिवण ठरवून उसवते, तो खांदा दुसऱ्यापेक्षा थोडा पुढे जातो, धड किंचित वळतं आणि बकल वर ओढलं जाण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे तीन पॉइंटमध्ये शरीर जसं वळतं तसंच. हे पट्टे कंपनीच्या सीटसाठीच काढलेले आहेत. त्यांच्याबरोबर गाडीच्या मॉडेलप्रमाणे कुठे आणि कोणत्या कोनात अडकवायचे याच्या सूचना येतात आणि त्या पाळाव्याच लागतात.

इथे हे वापरतात त्याचं एक कारण कायद्याचंही आहे. नुर्बुर्गरिंगची नॉर्डश्लाइफ, २०.८ किलोमीटरची, सामान्य लोकांसाठी खुली असते तेव्हा ती टोल भरून जायच्या रस्त्यासारखीच धरली जाते, वाहतुकीचे नियम तिथे लागू असतात आणि गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असावी लागते. रस्त्यावरच्या गाडीतला पट्टा ईसीईच्या (संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आयोगाच्या) आर१६ या सीटबेल्टच्या नियमात बसणारा हवा. म्हणून लोक तसा शिक्का असलेला पट्टा शोधतात.

तरीही माझं स्वतःचं मत सांगते. एएसएम ही चार पॉइंटमधली एक त्रुटी भरून काढायची चांगली युक्ती आहे. मानेचा आणि छताचा प्रश्न त्याने सुटत नाही.

कारखाना_भोसरी

मी फॅब्रिकेशन करतो. रॅलीच्या गाड्यांचे केज (आतला पाइपचा सांगाडा) केले आहेत, त्यामुळे अडकवायच्या जागांबद्दल बोलतो. गॅरेजवाल्याने सांगितलेलं 'मागच्या बेल्टच्या बोल्टला' हेच मला सगळ्यात जास्त खटकतंय.

खांद्याचा पट्टा खांद्यावरून मागे जाताना जवळजवळ आडवा जायला हवा. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांतल्या परिशिष्ट जे मध्ये लिहिलंय की आडव्या रेषेपासून खाली ४५ अंशांच्या पुढे कधीच नको आणि १० अंशांच्या आत असेल तर उत्तम. मागच्या सीटचा बेल्टचा बोल्ट फ्लोअरजवळ असतो. खांद्यापासून तिथपर्यंत पट्टा तिरका खाली जातो. धडकेत शरीर पुढे जातं तेव्हा तो पट्टा खांद्यांना मागे धरतो, पण खालीही दाबतो. तो दाब सरळ कण्यावर. दुसरी गोष्ट, पट्टा जितका लांब तितका ताणला जास्त जातो. सहा इंच मागे बांधलेला पट्टा आणि तीन फूट मागे बांधलेला पट्टा, दोन्ही हाताने सारखेच घट्ट लागतील, धडकेत सारखे वागणार नाहीत.

मग लोक बी-पिलरच्या (पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबाच्या) दोन बेल्ट बोल्टमध्ये आडवा पाइप टाकतात, नट-बोल्टचा हार्नेस बार. बी-पिलरचा वरचा बोल्ट एका माणसाच्या एका तिरक्या पट्ट्यासाठी काढलेला असतो. त्याच्यावर लांब पाइप अडकवून मधोमध चार खांद्यांचा भार टाकायचा, तर पाइप पुढे वाकणारच.

खरी जागा म्हणजे रोल बारच्या मुख्य कमानीत वेल्ड केलेली आडवी नळी. एफआयए सांगते ३८ मिमी व्यासाची २.५ मिमी जाडीची किंवा ४० मिमीची २ मिमी जाडीची, कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे थंड असताना ओढलेली, बिनशिवणीची. इथे लक्ष द्या. बाजारात ईआरडब्ल्यू पाइप स्वस्त मिळतो, त्याला लांबीभर वेल्डची शिवण असते. रंग मारल्यावर बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पाइप कापलेला असताना जाऊन बघा, आतल्या बाजूने बोट फिरवा. शिवणीचा उंचवटा लागला तर तो सीमलेस नाही. उंचवटा कधीकधी खरवडून काढलेला असतो, म्हणून मालाचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. चांगला फॅब्रिकेटर ते दाखवायला का-कू करत नाही.

कमरेच्या पट्ट्यांचे आय-बोल्ट ७/१६ युएनएफ, गाडीच्या मूळ बेल्टच्या बोल्टचीच चूडी. पूर्ण आत गेला पाहिजे, कॉलर पत्र्यावर टेकली पाहिजे. चार आटे बाहेर ठेवून 'बसला' म्हणणारे बघितले आहेत मी. नवीन भोक पाडायचं असेल तर खालून ३ मिमीची, किमान ४० चौरस सेंटिमीटरची प्लेट हवी, नुसता वॉशर नाही.

तिसरा_गियर

@कारखाना_भोसरी, फार उपयोगी. पण हार्नेस अडकवायला आडवी नळी हवी हे समजलं, पूर्ण कमान का लागते? ट्रॅक डेला गाडी उलटण्याची शक्यता कितीशी?

कारखाना_भोसरी

वाळूच्या ट्रॅपमध्ये आडवी शिरलेली गाडी उलटायला फार वेग लागत नाही. आणि कमान लागते ती हार्नेसमुळेच. तीन पॉइंटमध्ये छप्पर खाली आलं तर माणूस बाजूला कलंडू शकतो, पट्टा तेवढी मुभा देतो. हार्नेसमध्ये दोन्ही खांदे सीटला जखडलेले. छप्पर खाली येतंय आणि डोकं आहे तिथेच ताठ. पूर्वी गाडीत नसलेला धोका आपण पैसे देऊन आणला असं होतं. म्हणून माझ्याकडे कोणी नुसता हार्नेस बसवायला आला तर मी काम घेत नाही.

रांगडा_रॅली

आता माझं. हेल्मेट उगाच विचारलं नव्हतं.

हार्नेस छाती जागेवर धरतो. डोकं कोण धरणार? डोकं आणि त्यावर दीड किलोच्या आसपासचं हेल्मेट, धडकेत ते दोन्ही पुढे निघतात आणि मान एकटी त्यांना थांबवते. कवटीचा तळ जिथे मानेला जोडलेला असतो तिथे हाड तुटतं. १९९४ मध्ये इमोलाला फॉर्म्युला वनचा रोलंड रात्झेनबर्गर असाच गेला. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाला अमेरिकी रेसर डेल अर्नहार्ट गेला, त्यालाही कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर होतं. तीन पॉइंटमध्ये धड थोडं पुढे येतं आणि वळतं, पट्टा थोडा सैल सुटतो, समोर एअरबॅग असते. हार्नेसने धड एकदम थांबतं, म्हणून मानेवरचा भार वाढतो.

यावर उपाय अमेरिकेत १९८० च्या दशकात निघाला होता. रॉबर्ट हबर्ड हे बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक आणि त्यांचे मेहुणे जिम डाउनिंग हे रेसर, या दोघांनी हँस तयार केलं. खांद्यांवर बसणारी ती कार्बनची कॉलर, हार्नेसच्या पट्ट्यांखाली दाबून धरलेली आणि दोन दोऱ्यांनी हेल्मेटला जोडलेली. बरीच वर्षं ड्रायव्हर घालायला तयार नव्हते, अडचण होते म्हणायचे. अर्नहार्ट गेल्यावर त्याच वर्षी नॅस्कारने (अमेरिकेतली स्टॉक कार शर्यतींची संघटना) डोकं-मान धरणारं उपकरण सक्तीचं केलं, फॉर्म्युला वनने २००३ पासून.

आता तुझा प्रश्न. हँसच्या दोऱ्या हेल्मेटला अडकवायला दोन्ही बाजूंना पोस्ट लागतात. स्नेल या अमेरिकी हेल्मेट-चाचणी संस्थेच्या एसए२०१० (गाडीच्या रेसिंगचं मानक) पासून पुढच्या हेल्मेटमध्ये त्यांच्यासाठी आट्यांची जागा दिलेली असते. बाइकच्या आयएसआय हेल्मेटमध्ये ती नसते आणि ड्रिल मारून तिथे पोस्ट बसवायचा विचारही करू नको, कवच कमजोर होतं. शिवाय एसए हेल्मेट आगीच्या चाचणीतून गेलेलं असतं आणि आतून रोल बारवर आपटण्याचा विचार करून तपासलेलं असतं.

तर हिशोब असा. हार्नेस घेतलास की हँस आलं, हँस आलं की एसए हेल्मेट आलं, हार्नेस आला की पायांतले पट्टे आले, ते यायला सीटच्या बैठकीत भोक असलेली बकेट सीट आली, आणि खांद्यांसाठी रोल बार. घराच्या एका भिंतीला हात लावला की वायरिंग, प्लंबिंग सगळंच निघतं ना, तसं. यातलं एक गाळलं तर बाकीचं उलटं काम करायला लागतं.

नवशिका

म्हणजे ते हिरवे पट्टे?

रांगडा_रॅली

त्यातले बरेचसे नकली असतात. स्क्रूटिनीला (ट्रॅकवर उतरण्याआधीच्या तपासणीला) एका पोराने आणलेला हार्नेस हातात घेऊन बघितला. लेबल शिवलेलं होतं, पण दोऱ्याचा टाका लेबलच्या अक्षरांवरून गेलेला. होलोग्राम नाही, मानकाचा नंबर नाही, साल नाही. वेबिंग दुमडलं तर कापडी पिशवीच्या बंदासारखं मऊ, कडेला धागे सुटलेले. बकल फिरवलं की दोन जिभा सुटायच्या, तिसरी अडकून राहायची. परत पाठवला त्याला. ऑनलाइन घेतलेला होता, त्याची काही चूक नव्हती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

घेताना लेबल बघायचं. एफआयएचं चालू मानक ८८५३-२०१६, त्याआधीचं ८८५३/९८. लेबलवर कुठल्या सालापर्यंत वैध ते छापलेलं असतं, साधारण पाच वर्षं. एसएफआय या अमेरिकी संस्थेचं १६.१ असेल तर बनवल्यापासून दोन वर्षं. एकदा मोठी धडक झाली की तो हार्नेस बाद, दिसायला कितीही चांगला असला तरी. आणि उन्हात गाडी उभी राहते त्यांनी पट्ट्याचा रंग बघत राहायचा. फिका पडलेला पट्टा म्हणजे उन्हाने धागा खाल्लेला पट्टा. पॉलिएस्टरचाच घ्यायचा, नायलॉन जास्त ताणतो.

अटलांटाकर

उशिरा आलो. दोन मुद्दे राहिलेत असं वाटतं.

पहिला, शेजारची सीट. इथे पोर्शे क्लबच्या ड्रायव्हर एज्युकेशनमध्ये नियम आहे की ड्रायव्हरला जे पट्टे, तेच शेजारी बसणाऱ्या इन्स्ट्रक्टरला. तुम्ही स्वतःसाठी सहा पॉइंट बसवला आणि शेजारी साधा बेल्ट ठेवला तर इन्स्ट्रक्टर बसणार नाही. भारतात हे कोणी विचारत नसेल, तरी तुम्ही स्वतः विचारा. शेजारी बसून शिकवणारा माणूस तुमच्यावर विश्वास ठेवून बसतो.

दुसरा, मूळ अडचण अंग घसरण्याची आहे ना? ती कंपनीच्या बेल्टनेही बरीच कमी होते. सीट नेहमीपेक्षा तीन-चार खाचा मागे घ्या, बेल्ट लावा, कमरेचा पट्टा हाडाखाली ओढून बसवा. मग खांद्याजवळचा पट्टा झटक्याने ओढा म्हणजे रीळ लॉक होईल. तो ताण न सोडता सीट पुढे सरकवून जागेवर आणा. कंबर सीटच्या कोनात अशी गच्च बसते की पहिल्यांदा करणाऱ्याला आश्चर्य वाटतं. रीळ सुटलं तर पिट्समध्ये येऊन पुन्हा करायचं. सीटची पाठ मात्र सरळ ठेवा, मागे रेललेल्या सीटमध्ये तीन पॉइंटखालूनही माणूस घसरतो.

मान धरणारी काही उपकरणं छातीला स्वतःचे पट्टे बांधून काम करतात आणि त्यातली काही तीन पॉइंटबरोबर वापरायला परवानगी असलेली आहेत. एसए हेल्मेट घेणारच असाल तर त्याचा विचार करा.

मंजिरी_म्युनिक

अटलांटाकरांना पूर्ण अनुमोदन. आणि @तिसरा_गियर, मुलगी मागे बसते हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, त्याकडे परत येऊया. रोल बारची कमान मागच्या सीटच्या अगदी पुढे येते आणि तिचे आधार मागच्या चाकांवरच्या पत्र्यावर उतरतात. मागच्या प्रवाशाच्या चेहऱ्यासमोर स्टीलचा पाइप. ट्रॅकवर हेल्मेट असतं, ऑफिसच्या वाटेवर कोणाच्याच डोक्यावर नसतं. रोल बारचं पॅडिंगही हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी असतं. मुलीला त्या गाडीत बसवू नका, एवढं नक्की.

हाडवैद्य

मंजिरीताईंशी सहमत. रस्त्यावर हार्नेस घालून चालवण्याबद्दलही एक. खांदे जखडलेले असताना चौकात पुढे वाकून डावी-उजवी बाजू बघता येत नाही. दुचाकीवाला ए-पिलरच्या (पुढच्या काचेशेजारच्या खांबाच्या) आड राहतो.

कारखाना_भोसरी

आणि विम्याचे कागद काढून बघा. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत संघटित रेसिंग, स्पीड टेस्टिंग, पेस मेकिंग हे वापरातून वगळलेलं असतं. ट्रॅकवर जे होईल ते खिशातून, हे धरूनच चाला. सीट आणि केज बदललेली गाडी रस्त्यावर आणली तर आरटीओचा प्रश्न वेगळा, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबद्दलच आहे.

तिसरा_गियर

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मोकळेपणाने आणि कारणांसकट कोणी सांगितलं नव्हतं.

ठरवलंय ते लिहितो. पोलोला हात लावणार नाही. कंपनीची सीट, कंपनीचा बेल्ट, अटलांटाकरांनी सांगितलेली सीट मागे-पुढे करायची पद्धत. काल पार्किंगमध्ये करून बघितली, कंबर खरंच हलत नाही आणि डावा गुडघा मोकळा राहतो. हार्नेससाठी ठेवलेल्या पैशातून आधी एसए२०२० हेल्मेट, पोस्टसकट.

ट्रॅकसाठी वेगळी गाडी करायची. एक जुनी स्विफ्ट बघून ठेवली आहे. मागची सीट काढून टाकायची, रोल बार, दोन बकेट सीट, दोन्हीकडे सहा पॉइंट. ट्रेलरवरून न्यायची. वर्षभर लागेल, लागू दे. @कारखाना_भोसरी, भोसरीला येऊन भेटतो, पाइप कापलेला बघायला.

@रांगडा_रॅली, तुला एकच प्रश्न. हँस वापरायचं ठरलं तर पट्टे दोन इंची घेऊ की तीन इंची? आणि कमरेचा ॲडजस्टर वर ओढायचा की खाली?

रांगडा_रॅली

शाब्बास भावा.

खांद्याचे हँससाठीचे दोन इंची घे. हँसच्या कॉलरवर ते नीट बसतात, कडेने घसरत नाहीत. तीन इंचीमधून दोन इंचीत उतरणारेही मिळतात, तेही चालतात. कमरेचेही दोन इंचीच बरे, हाडाच्या घडीत खोल बसतात.

बकेट सीटमध्ये ॲडजस्टर वर ओढायचा घे. सीटच्या कडा उंच असतात, खाली ओढायला हाताला जागाच नसते.

बांधायचा क्रम पक्का कर. बूड सीटच्या अगदी मागे, मग कमरेचे पट्टे पूर्ण ताकदीने, बकल जितकं खाली बसेल तितकं खाली. पायांतले दोन सैल राहू द्यायचे नाहीत. खांद्याचे सगळ्यात शेवटी, कारण ते आधी ओढले तर बकल वर येतं आणि डॉक्टरांनी सांगितलेला सगळा प्रकार सुरू व्हायच्या आधीच निम्मा झालेला असतो. एक-दोन लॅप झाले की सीटचा फोम दबतो, कमरेचे पट्टे सैल होतात. पिट्समध्ये येऊन परत ओढायचे. आणि हँस घालून, ग्लोव्ह्ज घालून, डोळे मिटून बकल सोडून बाहेर पडायचा सराव घरी अंगणात कर. शेजारी बसणाऱ्याकडूनही करून घे.

सीट घेण्याआधी इथे फोटो टाक, पायांतल्या पट्ट्यांची भोकं कुठे आहेत ते बघून सांगतो.